पेल्यातली शिट्टी

१

कपबशा खळ्ळकन फुटल्या, तेव्हा छळबाई जिन्याच्या वळणावर होत्या.

छळबाई हे काही त्यांच्या आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. बाई फिजिओथेरपिस्ट. आठवड्यातून दोनदा या वृद्धाश्रमात यायच्या आणि म्हाताऱ्यांचे आखडलेले खांदे, मनगटं, बोटं हलवून द्यायच्या. आता आखडलेला खांदा हलवायचा म्हणजे दुखणारच, तो काय गोंजारून हलतो? पण वरच्या मजल्यावरच्या रेफरींनी पहिल्याच दिवशी खिशातून पिवळं कार्ड काढून त्यांच्या नाकासमोर धरलं. "छळ! सरळसरळ फाउल!" म्हणून ओरडले. झालं, तेव्हापासून अख्खा आश्रम त्यांना छळबाई म्हणायला लागला. खरं सांगायचं तर बाईंना ते नाव मनापासून आवडायचं.

आवाज रेफरींच्याच खोलीतून आला होता. बाई धावल्या.

दारात पैलवान उभा होता. पैलवान म्हणजे आश्रमातला सेवक. अंगाने धिप्पाड, स्वभावाने गरीब गाय. त्याच्या पायाशी चहाचा ट्रे उपडा पडला होता आणि डावा हात मनगटापासून खाली लोंबत होता, जणू तो त्याचा नव्हेच. पण त्याचं हाताकडे लक्षच नव्हतं. तो खाटेकडे बघत होता.

खाटेवर रेफरी उताणे, सपाट, हातपाय जुळवून निजले होते. त्यांच्या तिन्ही उशा खाली फरशीवर पडल्या होत्या आणि एरवी कायम पायांवर असणारी शाल खुर्चीवर टाकलेली होती. खाटेशी त्यांचा मुलगा उभा होता. परगावाहून नुकताच पोचलेला, खांद्यावरची बॅगसुद्धा अजून खाली ठेवलेली नव्हती.

"बाबा गेलेत," तो म्हणाला. मग सावकाश मान वळवून त्याने पैलवानाकडे बघितलं. "तू मारलंस त्यांना. उशीने."

कुणीही म्हणेल, अशा वेळी माणूस ओरडतो, शपथा घेतो, निदान 'नाही हो' तरी म्हणतो. पैलवान काहीच बोलला नाही.

२

रेफरींचं हृदय थकलेलं होतं. आडवं झालं की छातीत पाणी भरल्यासारखा दम लागायचा, म्हणून ते तीन उशांना टेकून बसल्या बसल्या झोपायचे. सपाट निजणं म्हणजे त्यांना बुडवण्यासारखंच, हे आश्रमातल्या मांजरालाही ठाऊक होतं. मग त्यांना सपाट कुणी निजवलं?

डॉक्टर आले, बघितलं, म्हणाले, "हृदय बंद पडलं. जेवणानंतर लवकरच गेलेत, अंग गार झालंय." पैलवानाचा हात बघून म्हणाले, "नस दबली आहे. कशाने ते या बाईच सांगतील." आणि गेले. डॉक्टर लोकांना नेहमी पुढच्या ठिकाणी जायचं असतं.

"कशाने ते मीच सांगतो," मुलगा म्हणाला. "बाबा फुटबॉलचे रेफरी होते. मैदानात बावीस जणांना धाकात ठेवणारा माणूस गुपचूप मरेल होय? झटापट केली असणार. ह्याचा हात खांद्यातून पिरगाळला असणार."

"काहीतरीच!" आश्रमाच्या मॅनेजरबाई मध्येच म्हणाल्या. नेहमी इस्त्रीच्या कपड्यांत असणाऱ्या या बाईंचा पदर आज खांद्यावर ठरत नव्हता. "अहो, त्याचा हात स्वयंपाकघराच्या दारात सापडला. मनगटावर. मी डोळ्यांनी बघितलं."

"आणि तू काय म्हणतोस?" छळबाईंनी पैलवानाला विचारलं.

"भिंतीवर आपटला," तो खाली बघत म्हणाला. "कोपर."

खांदा, मनगट, कोपर. एकाच हाताच्या तीन कथा. तिन्ही खऱ्या असू शकत नव्हत्या आणि बाईंच्या अनुभवाला तर तिन्ही खोट्या वाटत होत्या. मार बसलेला हात सुजतो, काळानिळा पडतो, माणूस तो छातीशी धरून फिरतो. हा हात नुसताच विझला होता.

"मी उद्या सकाळी पोलिसांत जाणार," मुलगा म्हणाला.

"जा. पण त्याआधी मी हा हात तपासते. तुमच्यासमोर."

"तुम्ही आश्रमाच्याच माणूस ना?"

"मी रेफरींचीही माणूस होते," बाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज नको तिथे चिरकला. "पुरुष माणूस असून सुईला घाबरायचे. माझा हात धरून इंजेक्शन घ्यायचे. मला त्यांची काळजी नाही असं तुम्ही म्हणू नका."

मुलगा ओशाळला, पण हट्ट सोडला नाही. सकाळपर्यंत थांबतो, एवढंच म्हणाला. बाई निघता निघता खाटेशेजारच्या छोट्या टेबलाकडे वळल्या आणि जागच्या जागी थबकल्या.

तिथे स्टीलचा पेला होता. रिकामा. त्यात रेफरींची शिट्टी होती, दोरी तिच्याभोवती नीट, घट्ट गुंडाळलेली.

३

ती शिट्टी रेफरी आंघोळीलासुद्धा गळ्यातून काढत नसत. त्या खोलीतली बोलावण्याची बेल कधीची बंद पडली होती, दुरुस्तीला माणूस येणार येणार म्हणून नुसतीच वाट बघणं चाललं होतं. तेव्हा काही लागलं की रेफरी शिट्टी फुंकायचे आणि पैलवान जिथे असेल तिथून धावत यायचा. ती शिट्टी म्हणजे त्या माणसाचा गळाच होता. तो कुणी काढून पेल्यात ठेवला?

खोलीत दुसरी खाट टेलरकाकांची होती. आयुष्यभर कपडे शिवले, आता पाय लुळे, एका डोळ्यावर ऑपरेशनची पट्टी आणि दुसरा डोळा नावालाच. जीभ मात्र कात्रीसारखी शाबूत. बाई त्यांच्या उशाशी बसल्या.

"काका, आज दुपारी खोलीत कोण होतं?"

"दिसायचं बंद आहे, छळबाई. ऐकलेलं चालेल का?"

"चालेल."

"मग ऐका. जेवण झालं. रेफरीला दम लागला होता. पैलवान आला, 'काका, टेका माझ्यावर' म्हणाला. खाट करकरली. मग थोडा वेळ काही नाही. मग रेफरी घोरायला लागला. आणि काय घोरला! माझ्या जुन्या मशीनला तेल नसायचं तेव्हा ती अशी ओरडायची. चहाच्या थोडं आधीपर्यंत चालू होतं ते. मग माझाही डोळा लागला, जाग आली ती कपबशा फुटल्यावर."

"चहाच्या आधीपर्यंत?" बाई पुढे सरकल्या. "डॉक्टर तर म्हणतात, ते जेवणानंतर लवकरच गेले."

"डॉक्टर तिथे होता की मी होतो? मेलेला माणूस घोरत नाही, एवढं मला कळतं."

"शिट्टी वाजली का?"

"छे! ती वाजली असती तर माझ्या डोळ्यावरची पट्टी उडाली असती." टेलरकाका जरा थांबले. "एक आवाज झाला खरा. टिण्. हळूच. पेल्यात काहीतरी अलगद सोडल्यासारखा."

"तो कधी? घोरणं सुरू व्हायच्या आधी?"

"नाही, घोरणं चालूच होतं. मला वाटलं, रेफरी झोपलाय म्हणून पैलवान आवाज न करता आवराआवर करतोय. मग एकदा खोकला आला. मग पुन्हा नुसतं घोरणं."

"खोकताना घोरणं थांबलं का हो?"

टेलरकाकांनी तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. "नाही," ते हळूच म्हणाले. "आता तुम्ही विचारलंत म्हणून... नाही थांबलं."

बाई उठल्या. मॅनेजरबाई कधीपासून दारात उभ्या होत्या कुणास ठाऊक. "छळबाई," त्या घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, "दारात सापडला असंच लिहा. सगळ्यांच्या भल्याचं आहे. त्याच्यासुद्धा."

४

सकाळी व्यायामाच्या खोलीत पैलवानाला खुर्चीवर बसवलं. समोर मुलगा, दाराशी मॅनेजरबाई. पैलवानाचे डोळे सुजले होते. बाहेर नेहमीचे म्हातारे काठ्या टेकत येरझाऱ्या घालायचे थांबवून कान लावून उभे होते.

"सोंग असेल," मुलगा म्हणाला.

"मग तेच आधी बघू. पैलवान, मूठ आवळ. घट्ट."

पैलवानाने मूठ आवळायचा प्रयत्न केला. मनगट वर यायच्या ऐवजी आणखीच खाली वाकलं आणि मूठ ढिलीच राहिली.

"आता तुम्ही आवळा," बाई मुलाला म्हणाल्या. "मनगट बघा. जरा वर उचललं गेलं ना? ते तुम्ही मुद्दाम नाही केलंत. मूठ आवळली की ते आपोआप येतं. सोंग करणाऱ्याला हे ठाऊक नसतं, त्याचं मनगट दगा देतं. याचं नाही आलं."

बाईंनी त्याच्या मनगटाखाली आपला तळहात दिला. "बोटं सरळ कर."

बोटांची टोकं सरळ झाली. मुलगा खुर्चीतून उठलाच. "हे काय! होतायत की!"

"पेरं होतायत. ते दुसऱ्या नसेचं काम, ती नस ठणठणीत आहे. बोटांच्या मुळाशी बघा. तिथून उचलली जातायत का?"

नव्हती जात. अंगठाही बाहेर जात नव्हता. मग बाईंनी पैलवानाला डोळे मिटायला लावले आणि कापसाचा पीळ त्याच्या हातावरून फिरवला. लागलं की हो म्हणायचं. करंगळीवर हो, तळहातावर हो, दंडावर हो. अंगठा आणि पहिलं बोट यांच्या मधल्या खोबणीवर, हाताच्या पाठच्या बाजूला, कापूस फिरत राहिला आणि पैलवान गप्प बसून राहिला. पुढच्या स्पर्शाची वाट बघत. मुलाने नजर वळवली.

"इमारतीतली पाण्याची लाइन कशी असते?" बाई म्हणाल्या. "वरून येते, मजल्यामजल्याला नळ. कुठले नळ कोरडे पडले ते बघितलं की लाइन कुठे तुंबली ते कळतं. ही नस काखेतून निघते, दंडाच्या हाडाला मागून वळसा घालते, कोपरापुढे उतरते आणि हाताच्या पाठीवर संपते. मॅनेजरबाई, मनगट दारात सापडलं असतं तर फक्त ही खोबण बधिर झाली असती. मनगट उचलणारे स्नायू पार वर, त्यांना काही झालं नसतं. कोपराच्या पुढे मार बसला असता तर बोटं पडली असती, पण मनगट वाकडंतिकडं का होईना वर आलं असतं. आणि तुम्ही म्हणता तसा हात खांद्यातून पिरगाळला असता तर..." त्यांनी पैलवानाचा कोपर वाकवला. "सरळ कर. मी अडवते, तू ढकल."

पैलवानाने ढकललं आणि छळबाई चाकाच्या स्टुलासकट मागे सरकल्या. एरवी सगळे हसले असते.

"हा स्नायू काखेजवळचा नळ. धोधो वाहतोय. त्याच्या पुढचे सगळे कोरडे. म्हणजे लाइन मधे तुंबली आहे, इथे." त्यांनी पैलवानाची बाही वर सारली. दंडाच्या मागच्या बाजूला एक फिकट तांबूस आडवा पट्टा होता. "सूज नाही, जखम नाही. नुसता पट्टा. कशाचा असेल? चला सगळे."

बाई सगळ्यांना रेफरींच्या खोलीत घेऊन गेल्या. रेफरींना रात्रीच शवागारात हलवलं होतं, खाट रिकामी होती. खाटेच्या डोक्याशी लोखंडाची आडवी नळी होती. बाईंनी पैलवानाला खाटेच्या कडेला बसवलं, मागे टेकवलं आणि डावा हात त्या नळीवरून उशांच्या दिशेला पसरवला. पट्टा नळीवर बरोब्बर बसला.

"या दंडावर कुणाचं तरी डोकं होतं," बाई म्हणाल्या. "बराच वेळ. खालून नळी, वरून डोकं, मधे नस. तुमचे बाबा उशीखाली गुदमरत नव्हते. ते याच्या हातावर टेकले होते."

मुलगा मटकन टेलरकाकांच्या खाटेवर बसला. पण बाईंचं बोलणं संपलं नव्हतं, आणि पुढचं वाक्य बोलावं की गिळावं ते त्यांना कळत नव्हतं. इकडे आड, तिकडे विहीर. न बोलावं तर पैलवान खुनी ठरतो. बोलावं तर?

"हात असा दबला की आधी मुंग्या येतात," त्या शेवटी म्हणाल्या. "जागा माणूस कूस बदलतो, हात काढून घेतो. नस मरायला आली तरी ज्याला कळत नाही, तो माणूस जागा नसतो."

पैलवानाने तोंडावर उजवा हात दाबून धरला. डावाही उचलायला गेला. तो नुसताच मांडीवरून घसरला.

५

"मला झोप लागली," तो म्हणाला. "दोन सेवक सोडून गेलेत. त्यांची पाळी मीच करायचो, माझीपण मीच करायचो. घरी कधी गेलो होतो आठवत नाही. काकांना दम लागला म्हणून हातावर घेतलं. उशांपेक्षा त्यांना तसं बरं वाटायचं. म्हटलं, पाच मिनिटं बसतो. डोळा कधी लागला कळलंच नाही. मॅनेजरबाईंनी गदागदा हलवलं तेव्हा काका गार होते. माझ्या हातावर गार होते."

"मग काल गप्प का राहिलास?" मुलगा ओरडला. "मी तुला खुनी म्हणालो! फासावर गेला असतास!"

"चाललं असतं." पैलवानाने खाली मान घातली. "खुनी म्हटलं की लोक पुढचं विचारत नाहीत. झोपला होता म्हटलं की विचारतात." तो छळबाईंकडे वळला. "बाई, तेवढं एक सांगा. काकांनी शिट्टी वाजवली होती का? मला ऐकू आली नाही, असं झालं का? रात्रभर तीच वाजतेय कानात."

 बाईंनी मुलाच्या दंडाला धरलं आणि मॅनेजरबाईंना खुणेने बाहेर बोलावलं.

व्हरांड्यात मॅनेजरबाईंनी डोळ्याला पदर लावला. "मी आले तेव्हा दोघंही तसेच होते. एक घोरत होता, एक गेलेला. वरून विचारणा झाली असती, एका माणसाकडून तीन-तीन पाळ्या का करून घेतल्या? माझी तरी काय चूक हो, माणसं द्या म्हणून मी दर महिन्याला नाक घासते. पैलवानाला तोंड धुवायला पाठवलं, चहा आणायला सांगितला. काकांना नीट सरळ निजवलं. गेलेल्या माणसाला सरळच निजवतात ना? उशा काढून खाली ठेवल्या. ते कधी आडवे होत नाहीत हे माझ्या ध्यानातच आलं नाही."

"आणि शिट्टी? ती तुम्ही काढलीत?"

"शिट्टीला मी हातसुद्धा लावला नाही. ती पेल्यातच होती."

"आणि तुम्ही आलात तेव्हा शाल कुठे होती? रेफरींची, पायावरची?"

मॅनेजरबाई आठवू लागल्या. "पैलवानाच्या अंगावर," त्या म्हणाल्या. "खांद्यापर्यंत. मी ती खुर्चीवर टाकली. का हो?"

छळबाई भिंतीला टेकल्या. आता सगळे तुकडे बसले होते, आणि ते बसले नसते तर फार बरं झालं असतं.

"टेलरकाकांनी ऐकलं ते घोरणं पैलवानाचं होतं," त्या मुलाला म्हणाल्या. "म्हणून ते चहापर्यंत चाललं. आणि पेल्यात 'टिण्' झालं ते घोरणं सुरू झाल्यानंतर. खोकलाही नंतरच. पैलवान झोपला होता. खोलीत दुसरं कुणी नव्हतं, टेलरकाका खाटेवरून उठू शकत नाहीत. मग शिट्टी पेल्यात कुणी ठेवली?"

मुलाने वळून दारातून त्या पेल्याकडे बघितलं.

"तुमचे बाबा जागे होते. त्यांना शर्टाचं बटण लावतानासुद्धा दम लागायचा. तरी त्यांनी मोकळ्या हाताने शाल ओढून त्याच्या अंगावर घातली. मग शिट्टी गळ्यातून काढली. दोरी गुंडाळली, त्यांची ती सवय मला ठाऊक आहे, मी बोटांचा व्यायाम म्हणून तेच करायला लावायचे. ते म्हणायचे, 'छळबाई, सामना संपल्याशिवाय रेफरी दोरी गुंडाळत नाही.' आणि अलगद, आवाज होऊ नये म्हणून अलगद, पेल्यात सोडली."

"पण का?"

"दम लागला की हात आपोआप शिट्टीकडे जातो. म्हणून असेल."

"त्याची झोप मोडू नये म्हणून?" मुलगा म्हणाला. "स्वतः मरत असताना? आणि वाजवली असती तर? वाचले असते?"

"कदाचित. कदाचित नाही. मला हातातली नस कुठे दबली ते सांगता येतं. हे नाही सांगता येत."

मुलाने व्हरांड्याच्या कठड्यावर मूठ आपटली. बापाची काळजी त्याने सारी वर्षं फोनवरून घेतली होती, उंटावरून शेळ्या हाकाव्यात तशी. हे त्याचं त्यालाही कळत असावं. "मी कुणाला धरू आता?" तो म्हणाला. "ह्याला? ह्या बाईंना? बाबांना? मला सांगा, कुणाची कॉलर धरू?"

 आतून पैलवानाची हाक आली, "बाई?"

६

तो तिथेच, खाटेच्या कडेला बसून होता. हरवलेल्या माणसाने प्रत्येक येणाऱ्याकडे बघावं तसं त्याने त्यांच्याकडे बघितलं.

"शिट्टी वाजली नाही," बाई म्हणाल्या. एवढं खरं होतं, एवढं सांगता येत होतं. "टेलरकाका साक्षीला आहेत."

"मग? म्हणजे..." पैलवान मुलाकडे वळला.

बाईंना वाटलं, आता हा सगळं सांगणार. सांगायचा त्याला हक्कच होता. बाप त्याचा. बाईंनी नजर पेल्यावर रोखली.

"झोपेतच गेले," मुलगा म्हणाला. "तुझ्या हातावर डोकं ठेवून झोपले आणि झोपेतच गेले. त्यांना काही कळलं नाही. तू जागा असतास तरी तुला कळलं नसतं."

पैलवान रडला. लहान मूल रडतं तसा, आवाज करून. मधेच म्हणाला, "मॅनेजरबाईंनी माझ्यावर शाल घातली होती, साहेब. मी जागा झालो तेव्हा अंगावर होती. त्यांना वाईट म्हणू नका." 

मुलगा पोलिसांत गेला नाही. पेल्यातली शिट्टी त्याने दोरी न सोडवता, तशीच गुंडाळलेली, रुमालात बांधून नेली. टेलरकाका नंतर म्हणाले, "मेल्या म्हशीला मणभर दूध. जिवंतपणी आला असता तर?" पण त्यांनाही ते बोलून बरं वाटलं नाही. ते लगेच कुशीवर वळले.

पुढच्या आठवड्यात आश्रमाने पैलवानाला काढून टाकलं. कामावर झोपला म्हणून. छळबाई वरच्या लोकांना भेटायला गेल्या, तीन पाळ्यांचं सांगितलं, बेलचं सांगितलं, आवाजसुद्धा चढवला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि आभार मानले. बेल तेवढी दुरुस्त झाली.

७

बाईंनी पैलवानाचं मनगट उचलून धरणारा स्प्लिंट करून दिला आणि आपल्या दवाखान्यात यायला सांगितलं. "नस तुटलेली नाही, चेंगरली आहे. हात येईल परत," त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या. त्याला आनंद झालेला दिसला नाही. तरी तो येत राहिला. स्प्लिंट काढायचा, हात टेबलावर ठेवायचा, बाई म्हणायच्या "उचल," तो डोळे ताणून हाताकडे बघायचा, आणि हात तसाच पडून राहायचा. बरेच आठवडे असे गेले.

एका दुपारी तो आला तोच दारात थांबला.

"बाई, मी आज आश्रमात गेलो होतो. टेलरकाकांना बघायला."

"बरं केलंस. बस."

"मॅनेजरबाई भेटल्या. म्हटलं, निदान आभार तर मानावेत. त्या दिवशी माझ्यावर शाल घातलीत म्हणून." तो खुर्चीत बसला, सवयीने स्प्लिंटचे पट्टे सोडवू लागला. "त्या म्हणाल्या, मी नाही घातली."

बाईंनी टेबलावरचा टॉवेल नीट केला. तो आधीच नीट होता.

"मग टेलरकाकांना विचारलं, त्या दिवशी काय काय ऐकलंत. त्यांनी सगळं सांगितलं. पेल्याचं पण." त्याने हात टेबलावर ठेवला. "काका जागे होते ना, बाई?"

खोटं बोलायचं बाईंनी ठरवलं होतं. मुलाने एवढं मन मोठं करून सांगितलेलं खोटं, ते टिकवणं आपलं काम, असं त्या स्वतःला कितीदा तरी बजावत आल्या होत्या. तोंड उघडलं, आणि काही निघालं नाही.

"मला हाताला धरून नुसतं हलवलं असतं तरी चाललं असतं," पैलवान म्हणाला. "त्यांच्यासाठी मी झोपेतनं कितीदा उठलोय. एकदाही कुरकुर नाही केली. का नाही उठवलं त्यांनी मला?"

"माहीत नाही रे," बाई म्हणाल्या.  "तू दमला होतास."

तो पुढे काही विचारेल, म्हणून त्या थांबल्या. त्याने विचारलं नाही. तो टेबलावरच्या हाताकडे बघत होता, आणि त्याची नजर पाहून बाईंनीही बघितलं.

मनगट हललं होतं. किंचित. टेबलापासून कागद सरकेल इतकंच वर आलं आणि पडलं.

"नको," पैलवान म्हणाला. "बाई, याला बरं नका करू."

पण त्यात कुणाला विचारायचं नव्हतं. नस आपल्या वाटेने, आपल्या चालीने खाली उतरत होती, त्याने मागितलं नव्हतं तरी. बाईंनी त्याच्या मनगटाखाली आपला हात दिला.

"उचल," त्या म्हणाल्या. "परत एकदा."